फाटकाबाहेरचा हुकूम

विलेपार्ले, १९५८

माननीय मंत्रीसाहेब,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तरी लिहिते.

रविवारी पार्ल्याच्या सभेत तुम्ही म्हणालात, "पोर्तुगालनं आपल्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात खेचलंय. निकाल काहीही लागो, आपण तो पाळू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही हातांनी वाजवल्या.

माझे यजमान विद्याधर शाळामास्तर होते. संपाच्या बाजूनं भाषण केलं म्हणून त्यांना खटल्याविना तुरुंगात टाकलं. हायकोर्टानं सोडलं, तेव्हा मी धुतलेला सदरा घेऊन फाटकाशी उभी होते. ते बाहेर आले आणि हसून म्हणाले, "घरी दूध आहे ना गं? चहा घेऊ." तेवढ्यात पोलिसांनी तुमच्या सहीचा नवा हुकूम दाखवला आणि त्यांना परत आत नेलं. सुटकेसाठी केलेला दुसरा अर्ज कोर्टापुढे येण्याआधीच ते तापानं तुरुंगात वारले.

अजून संध्याकाळ झाली की ते दुधाचं विचारतात. मी "आहे" म्हणते.

त्या सभेत मी उठून विचारलं, "साहेब, आणि इथल्या कोर्टाचा निकाल?"

"बाई, खाली बसा," तुम्ही म्हणालात.

मी बसले. माझ्या शेजारी हे उभे होते. ते बसले नाहीत.

तुमच्या सभेतली बाई,
सुगंधा सामंत