पाणलाव्यापुढचं गवत

भिवंडी
१५ फेब्रुवारी २००९

प्रिय हबीबा,

सोळा दिवस तुझं पत्र माझ्या पर्समध्ये आहे. शाळेत जाताना बरोबर नेते, येताना परत आणते. तू विचारलेल्याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. ती ओळ दोनदा लिहिलीही, आणि दोन्ही वेळा कागद फाडला. आज रविवार आहे, घरात कुणी नाही, तेव्हा सगळंच लिहून टाकते.

आधी तुझ्या श्रीवर्धनच्या समुद्रगरुडाचं. सुरूच्या झाडावरच्या त्याच्या घरट्यात अंडी आहेत आणि तरी तो रोज एक हिरवी डहाळी आणून ठेवतो, असं तू लिहिलंस. का ठेवत असेल गं? पानांच्या वासाने किडे पळत असतील? की घर भरलेलं आहे, एवढंच दुसऱ्यांना कळावं म्हणून? डहाळी रोज एकाच झाडाची असते की वेगवेगळ्या, ते जरा बघ. मला खरंच जाणून घ्यायचंय. सव्वा वर्षात मी कुठल्याही पक्ष्याबद्दल असं काही विचारलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आपली ओळख कशी झाली, ते मी परवा शाळेतल्या नव्या बाईंना सांगत होते. ठाण्याच्या शिक्षक प्रशिक्षणाहून येताना आपली एसटी कशेळीच्या पुलावर अडकली होती. ट्रकांची रांग संपत नव्हती. मागच्या सीटवरची बुरखा घातलेली एक बाई उठली, कंडक्टरला म्हणाली, “भाईसाब, दो मिनिट,” आणि सरळ खाली उतरली. ही भर पुलावर उतरून करते काय, म्हणून मीही उतरले. तू कठड्याला टेकून खाली चिखलात बघत होतीस. मी काही विचारायच्या आत म्हणालीस, “त्या खांबावर बघा. खंड्या आहे, पण टोपी काळी आहे ना?” मी खंड्या शंभरदा पाहिला असेन, पण त्याला कुठली टोपी असते हे कधी पाहिलं नव्हतं. आपली एसटी निघून गेली. भिवंडीपर्यंत रिक्षा मिळवताना तू मला अकरा पक्ष्यांची नावं सांगितलीस. तू उर्दू शाळेत विज्ञान शिकवतेस आणि मी मराठी शाळेत शिवण आणि हस्तकला, हे नंतर कळलं.

शर्यतीची कल्पना कुणाची होती, यावर आपण कायम भांडलो. मी म्हणेन तुझी. २००७ सालची पहिली जानेवारी ते एकतीस डिसेंबर. पक्षी भिवंडी तालुक्यातलाच हवा, फोटोत ओळखू यायला हवा, आणि दोघींचंही एकमत व्हायला हवं. माझ्याकडे प्रितेशदादाने दिलेला डिजिटल कॅमेरा, तुझ्याकडे मामूंचा जुना रोलवाला. मी एका पक्ष्याचे साठ फोटो काढायचे. तू छत्तीस फोटोंचा रोल तीन आठवडे पुरवायचीस आणि तो धुऊन येईपर्यंत तुझे किती झाले ते तुलाही ठाऊक नसायचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तुझ्या घरी हिशोब व्हायचा. तुझे अब्बा, फखरुद्दीनचाचा, पॉवरलूमवरून आले की टोपी काढायच्या आधी विचारायचे, “आज कौन आगे?” मी पुढे असले की मला चहाबरोबर नानखटाई जास्त मिळायची. तू चिडायचीस, “अब्बा, मुलगी कोण आहे तुमची?”

किती हसलो आपण! खाडीतला तो कुरव आठवतो? अर्धी खाडी ठाण्याची आणि अर्धी आपली, आणि तो नेमका पलीकडे पाण्यावर तरंगत बसलेला. भरतीने तो मध्यरेषा ओलांडून भिवंडीत यावा, म्हणून आपण पुलावर पाऊण तास उभ्या. आला, आणि तुझा रोल संपलेला! मग तो मानकोलीच्या पाणथळीतला तुतवार. ठिपक्यांचा की हिरवा, यावर तीन दिवस वाद. शेवटी तू त्याचं शेपूट हलवणं मोजलंस. पक्ष्याचं शेपूट घड्याळ लावून मोजणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मला पक्षी मिळवायचा असायचा आणि तुला तो समजून घ्यायचा असायचा. हा फरक मला तेव्हा दिसत नव्हता, असं नाही. मला वाटायचं, म्हणूनच मी जिंकणार.

सप्टेंबरअखेर तू दोन पक्ष्यांनी पुढे होतीस. रमजान चालू होता. सहरी झाल्यावर तू पहाटे एकटीच कुठेतरी जाऊन यायचीस, पण उन्हाच्या आत परतायचीस. दोन ऑक्टोबरला सुट्टी होती, म्हणून मी खारबावला गेले. स्टेशनपलीकडच्या राघोबाबांना आपण दोघी ओळखायचो. त्यांच्या बांधावरून जायला त्यांनी कधी मनाई केली नव्हती. मी सहज विचारलं, “बाबा, इकडे कुठे घरटं दिसलं का?” ते म्हणाले, “हाय ना. या, पण हलू या.” भाताच्या कडेला पाणी साचून राहिलं होतं, तिथे उंच गवताच्या एका झुबक्याकडे त्यांनी बोट दाखवलं. आधी मला काहीच दिसलं नाही. मग गवताच्या आत एक डोळा दिसला, त्याभोवती चष्म्यासारखा फिकट पट्टा. रंगीत पाणलावा! मी म्हणाले, मादी बसलीय. राघोबाबा हसले. “न्हाय बाय, यो नर हाय. मादी अंडी देते न् जाते दुसरीकरं. ह्यो बिचारा बसतंय.”

तुला सांगते हबीबा, त्या क्षणी माझ्या मनात शर्यत नव्हती. मला फक्त बघायचं होतं. मादी नरापेक्षा रंगीत का असते, हा एवढासा बाप अंडी कशी फिरवतो, अंड्यांचा रंग कसा असतो, सगळं बघायचं होतं. राघोबाबा म्हशी सोडायला गेले. मी दोन पावलं पुढे झाले आणि तो उडाला. चार अंडी होती, पिवळसर, त्यांवर चॉकलेटी डाग. पण कॅमेऱ्यात नुसतं गवतच येत होतं. दोन पाती पुढे, चार पाती आडवी. माझ्या पर्समध्ये हस्तकलेची कात्री असते. मी एक पातं कापलं. मग अजून एक. नंतर मोजली नाहीत. समोरून खिडकीसारखी मोकळी जागा झाली, तेव्हा थांबले आणि दूर बांधामागे जाऊन बसले. तासाभराने तो आला. उघड्यावर बराच वेळ उभा राहिला, मग अंड्यांवर बसला. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडलं होतं. असा फोटो मला आधी कधी मिळाला नव्हता.

शनिवारी परत गेले, पिल्लं निघाली का ते बघायला. घरटं रिकामं होतं. राघोबाबा बांधावर बसले होते. “कावल्यांनी नेली,” म्हणाले. “वरचा गवत कोनी कापला, काय म्हाईत.” मी म्हणाले, गुरांनी खाल्लं असेल. जरा लांब, उघड्या चिखलात तो नर उभा होता. मी कॅमेरा बाहेर काढला नाही आणि घरी आले.

महिन्याच्या शेवटी तो फोटो तुझ्यासमोर ठेवला. तू खूप वेळ बघत राहिलीस. मग विचारलंस, “गवत असंच होतं?” मी म्हणाले, “हो, असंच.” तू हिशोबाची वही पुढे ओढलीस. माझ्या रकान्यात तुझ्याच हाताने पाणलावा लिहिलास. एकतीस डिसेंबरला माझे एकशे त्रेचाळीस झाले, तुझे एकशे बेचाळीस. फखरुद्दीनचाचांनी मला पेढा भरवला. तो गिळताना मला काय वाटलं, ते कुणाला सांगता येईना, म्हणून मी तुला भेटणंच टाळायला लागले. तुझ्या लग्नात जेमतेम अर्धा तास थांबले. कॅमेरा प्रितेशदादाला परत दिला. तुला वाटलं, तू श्रीवर्धनला निघालीस म्हणून मी रुसले. मी तसंच वाटू दिलं, कारण ते सोपं होतं.

तुझं पत्र आलं आणि पुढच्या रविवारी मी खारबावला गेले. राघोबाबा थकलेत, पण ओळख पटली. त्यांच्या ओट्यावर बसून सांगून टाकलं की गवत मी कापलं होतं. ते म्हणाले, “मना म्हाईत हाय, बाय. कातरीनं कापलेला गवत गुरांनी खाल्ल्यावानी दिसत न्हाय.” मग म्हणाले, “तुमच्या आधी चार दिस त्या दुसऱ्या बाई आलत्या. त्यांनाबी दावला. मी इचारला, फोटूसाठी गवत जरा बाजूला करू का? त्या बोलल्या, नको बाबा, यो त्याचा छप्पर हाय. उभ्या ऱ्हायल्या, बघितला न् गेल्या. मना वाटला, त्यांनीच तुमाला धाडलं.”

हबीबा, म्हणजे ते गवत आधी कसं होतं, हे तू पाहिलं होतंस. फोटो पाहताक्षणी तुला कळलं होतं. तो पक्षी तुझ्या हातात होता, शर्यतही तुझ्या हातात होती. तू दोन्ही सोडून आलीस आणि मला सांगितलंही नाहीस. का सांगितलं नाहीस, ते आता कळतं. तुला मी माहीत होते. आणि त्याच फोटोसाठी मुलांच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ अडलंय, असं तू लिहितेस! भिवंडीच्या पक्ष्यांची मराठी आणि उर्दू, दोन्हींत पुस्तिका, आणि वर माझा पाणलावा. आधी मला वाटलं, तू फोटो मागते आहेस. आता वाटतं, सव्वा वर्ष वाट पाहून तू मला पुन्हा तोच प्रश्न विचारलास, जरा वेगळ्या शब्दांत. तर ऐक, गवत असं नव्हतं. ते मी कापलं. मुखपृष्ठावर तो फोटो देऊ नकोस. पुस्तिकेत घ्यायचाच असेल तर आत घे, आणि त्याखाली माझ्या नावानिशी छाप की फोटोसाठी घरट्यावरचं गवत कापलं आणि चार दिवसांत कावळ्यांनी चारही अंडी नेली. आठवी-नववीच्या मुलांना ते नीट कळेल. फोटोची सीडी सोबत आहे. माझ्या रकान्यातलं ते नावही खोड, तुझ्याच हाताने. आणि मेच्या सुट्टीत मी श्रीवर्धनला आले तर चालेल का, ते कळव. कॅमेरा आणणार नाही.

अजूनही तुझीच,
मृणाली