डाव्या मुंढ्याची शिवण

आई,

माझ्या काखेत पुरळ उठलं होतं, हे तुला सांगायला बसले आहे. एवढ्यासाठी इतक्या वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला कुणी लिहीत नाही, कळतंय मला. पण काख, घाम, मुंढा या गोष्टी मी तुझ्याशिवाय कुणाशी बोलले आहे? आपल्या स्वयंपाकघरात खिडकीखाली तुझं शिलाई मशीन होतं, कारण उजेड तिथेच यायचा. एकीकडे भात रटरटत असायचा आणि तू बायकांना हात वर करायला लावून मापं घ्यायचीस. प्रत्येकीच्या ब्लाउजला आतून काखेत मऊ सुती तुकडा लावायचीस, कुणी मागितला नसला तरी. "घामाचा डाग दिसला तर तिला कोण हसतंय? मला हसतील, हिला शिवता येत नाही म्हणून," असं म्हणायचीस. शाळेतून आले की ते तुकडे कापायचं काम माझं. दोन्ही बाजूंचे तुकडे सारखे झाले नाहीत की कात्रीच्या मुठीचा हलका टोला बोटांवर बसायचा.

इथे मस्कतमध्ये घरातून गाडी आणि गाडीतून अल् खुवैरचं ऑफिस, सगळीकडे एसी. पण पार्किंगपासून दारापर्यंतच्या उन्हात कुर्ता पाठीला चिकटतो, आणि मग लिफ्टमध्ये बाकीच्यांच्या उदाच्या अत्तराच्या घमघमाटात मी अंग चोरून उभी राहते. डिओडरंट लावल्याशिवाय मी कधी बाहेर पडले नव्हते. या उन्हाळ्यात ते सोडलं. फोनवर कुणीतरी पाठवलं होतं, त्यातल्या रसायनांनी तो आजार होतो, तुला झाला तो. तुला झाला त्या वयाच्या मी जवळ येते आहे, आई. अशा वेळी माणूस खरंखोटं तपासत बसत नाही.

समोरच्या फ्लॅटमधली भाबी रत्नागिरीकडची. ती घरीच नैसर्गिक डिओडरंट बनवते. खोबरेल, मेण, लव्हेंडरचं तेल आणि खाण्याचा सोडा. "फ्रीजमध्ये ठेव हां, नायतर तेल होऊन वाहून जाईल," म्हणत तिने बाटली हातात दिली. आठवड्याभरात काखा लाल झाल्या, मग काळपट, मग सालं निघायला लागली. तिला दाखवलं तर म्हणाली, "अगो, आतलं जुनं विष बाहेर पडतंय. थोडं जळेल, मग खलास!" आणि मी लावत राहिले. जळतंय म्हणजे काहीतरी धुऊन निघतंय, असं मला खरोखर वाटत होतं. डावीकडे जास्त झालं होतं, बाही घासायची, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी कुर्त्यांच्या डाव्या मुंढ्याची शिवण उसवून सैल केली.

शेवटी डॉक्टरकडे गेले. मल्याळी बाई, तोंडाची फटकळ. बाटलीचा वास घेऊन म्हणाली, "मॅडम, ये सोडा केक में डालो, बगल में मत डालो." सगळं लावणं बंद, नुसतं पाणी, मलम, सैल सुती कपडे. मी त्या आजाराचं विचारलं, तर डिओडरंटने तो होतो असं काही सिद्ध झालेलं नाही म्हणाली. मी हसले. मग तिने डावी काख बोटांनी दाबून पाहिली आणि तिथेच थांबली. वाटाण्याएवढी गाठ. पुरळामुळेही सुजते कधीकधी, असं म्हणाली. "दो हफ्ते में नहीं गई तो आना, सोनोग्राफी करेंगे." त्वचा बरी झाली, आता कुठे पुरळ होतं ते ओळखूही येत नाही. गाठ आहे.

मागच्या शुक्रवारी लेक माझ्याकडे बघत होती. तिचं मराठी अडखळत येतं, तुला हसू आलं असतं. "आई, तुझा ड्रेस… एकच साइड लूज का आहे?"

"घामोळं आलं होतं गं," मी म्हणाले. आणि तो आवाज माझा नव्हता.

हिच्या वेळी तू माझ्या बाळंतपणाला इथे आलीस, ऐन जूनमध्ये. मी पलंगावर पडून बघते आहे, तू लंगोट वाळत घालते आहेस आणि तुझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. ब्लाउजचा डावा मुंढा उसवून सैल केलेला. "डावीकडेच का गं?" मी विचारते. "घामोळं आलंय. तुमच्या या देशात दुसरं काय येणार?" तू म्हणतेस, आणि आपण दोघी हसतो. सुताएवढा फरक पडला तरी बाही उसवून पुन्हा लावणारी तू, एकाच बाजूने सैल ब्लाउज घालून सव्वा महिना माझ्या बाळाला न्हाऊ घालत होतीस. मुंबईत डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही आलात, तेव्हा तू म्हणालीस, "लेकीचं बाळंतपण उरकू दे म्हटलं." एखादीचं ब्लाउज द्यायला उशीर झाल्यावर बोलायचीस, त्या सुरात. पुढच्या उन्हाळ्यात तू नव्हतीस.

मी पुष्कळ वर्षं तुझ्यावर रागावलेली होते. माझ्या वतीने तू ठरवून टाकलंस, मला विचारलं नाहीस, याचा राग. तो राग शुक्रवारी कुठे गेला कळलं नाही. आता मला तो हवा आहे आणि सापडत नाही. लेकीची दहावी आहे. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. ती होऊ दे, असं माझं मनात म्हणून झालं आहे. डॉक्टरांनी दिलेले दोन आठवडे कधीच संपले. हिच्या बाबांना पुरळ बरं झालं एवढंच माहीत आहे. संध्याकाळी गाल्याच्या ऑफिसातून येतात तेव्हा थकलेले असतात, ते विचारत नाहीत, मी सांगत नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते. काल दुपारी ती क्लासला गेल्यावर मी सगळे कुर्ते बाहेर काढले आणि उजव्या मुंढ्याची शिवणही उसवली. दोन्ही बाजू आता अगदी सारख्या आहेत. तुलासुद्धा फरक दिसला नसता.