अब्बांच्या आजारपणाची दोन वर्षं

मंगळवार, संध्याकाळ. अल ऐन

इथल्या एका हॉस्पिटलला नर्सच्या नोकरीचा अर्ज आजच पाठवायचा होता आणि अनुभवाच्या रकान्यात मी अडकले होते. अब्बांच्या आजारपणात मी दोन वर्षं रत्नागिरीला घरी होते. ती दोन वर्षं कुठे दाखवायची?

दुपारी फारूकभाईंचा फोन आला. माझे आतेभाऊ, रत्नागिरीत त्यांचं छोटं हॉस्पिटल आहे. म्हणाले, "अगं, माझ्याकडे आयसीयूत नर्स होतीस असं पत्र देतो. पडताळणीला मलाच विचारणार ना? मी हो म्हणेन. खलास." इम्तियाज म्हणाला, "घे की पत्र. भाषणं सभेत ठोक, फॉर्मवर नको."

नवराच बोलला, म्हणून जास्त लागलं. गेल्या शुक्रवारी ऊद मेथा भागातल्या सभेत नर्सेससमोर मीच तावातावाने बोलले होते, खोट्या अनुभवाचा त्रास पेशंटला होतो म्हणून. टाळ्याही घेतल्या. मग आज पत्राला नाही म्हणायला एवढा वेळ का लागला?

नाही म्हटलं ते पकडले जाईन या भीतीने नव्हे. पत्र वाचून हॉस्पिटलवाले मला पहिल्या आठवड्यातच आयसीयूत एकटी उभी करतील, या भीतीने. दोन वर्षं मी अब्बांना भरवलं, त्यांची कूस बदलली. व्हेंटिलेटरला हात लावलेला नाही.

शेवटी लिहिलं: दोन वर्षं खंड, घरी वडिलांची शुश्रूषा, पुन्हा प्रशिक्षण घ्यायची तयारी. अर्ज पाठवला.

"आता घेतील तुला?" इम्तियाजने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण घेतलं, तर मला काय येत नाही ते त्यांना माहीत असेल."