स्टेअरिंग बॉक्सखालचा ट्यूबचा तुकडा

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला कधी लिहीन असे वाटले नव्हते. पण काल तुमच्या पिकअपखाली जे सापडले ते आईला सांगता येत नाही, आणि मनात ठेवून झोपही लागत नाही. धानाची रोवणी सुरू झाली आहे. दवनीवाड्याकडच्या शेतांवर बाया न्यायच्या आहेत आणि मी आठ दिवसांपासून नाही म्हणतो आहे.

कारण गाडी डावीकडे ओढते. खड्डा आला की स्टेअरिंग हातात तसेच राहते आणि गाडी आपल्या मनाने वळते. तुमच्या हातात ती सरळ कशी चालायची? मागच्या उघड्या डाल्यात अठरा बाया उभ्या असताना तुम्हाला भीती नाही वाटली?

मी सगळे क्रमाने केले. चाकांची हवा सारखी केली. पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले. गोंदियाच्या मिस्त्रीने "टाय रॉड गया है" म्हणत पुढच्या चाकांना जोडणाऱ्या त्या दांड्याचे दोन्ही जॉइंट बदलले, अलाइनमेंट करून दिले. परत येताना नाल्यावरच्या पहिल्याच खडबडीत रपट्यावर गाडी पुन्हा डावीकडे! दुसऱ्या मिस्त्रीने दोष चालवणाऱ्यात आहे असे ठरवले, आणि गावाला ते लगेच पटले. रोवणीच्या बायांची पुढारी सुमनकाकू तर तोंडावर म्हणाली, "तुझा बाप एका हातानं नेत होता आमाले. तू दोन हातानं काऊन भिऊन राहिला?"

मला तिचा राग नाही आला, बाबा. तुमचा आला.

तपासायची पद्धत मला अर्धीच माहीत होती. इंजिन बंद ठेवून एकाने वर बसायचे, स्टेअरिंग थोडे थोडे हलवायचे. दुसऱ्याने खाली झोपून पाहायचे, हालचाल कुठपर्यंत पोचते आणि कुठे हरवते. आठवीतून शाळा सोडली तेव्हापासून मी तुमच्यासोबत, आणि दर वेळी वर मीच. खाली काय दिसते असे विचारले की तुम्ही म्हणायचे, "तू हलव." एकदा तरी खाली बोलवायचे होते!

काल आईला वर बसवले. त्या सीटवर ती पहिल्यांदाच बसली. पदर खोचून म्हणाली, "सांग, कोणीकडं फिरवू?" मी खालून एकेक जॉइंट हाताने चाचपला. सगळे घट्ट. मग दिसले की स्टेअरिंगचे फिरणे चाकांकडे नेणारा अख्खा स्टेअरिंग बॉक्सच चेसिसवर, गाडीच्या सांगाड्यावर, सरकतो आहे. एक बोल्ट नव्हताच. बाकीच्यांची भोके झिजून लांबट झालेली. आणि फटीत सायकलच्या ट्यूबचा घडी केलेला तुकडा, वाळून कडक झालेला, तारेने बांधलेला. तारेला तीन पीळ, टोक आत वळवलेले. असे बांधणारा आपल्या घरात एकच माणूस होता.

म्हणजे तुम्हाला माहीत होते. म्हणून मला खाली येऊ देत नव्हता का? की गाडी दोन दिवस उभी राहिली तर बायांचे काम बुडेल, म्हणून आज-उद्या करत राहिलात? मला यातले दुसरे कारणच खरे वाटते. तरी राग जात नाही. त्या अठरा जणींत आईही असायची ना?

आज वेल्डरने भोकांवर पट्टी लावून दिली, नवे बोल्ट बसले. रपट्यावरून तीनदा नेऊन पाहिली. सरळ गेली.

संध्याकाळी बायांना मी सगळे सांगितले. बॉक्स ढिला होता, आजचा नाही, जुना दोष होता. कोणी हसले नाही. सुमनकाकूने हळू आवाजात विचारले, "तुझ्या बापाले मालूम होतं का?"

आई बाजूलाच उभी होती.

मी म्हटले, "नाही."

तुमच्यासाठी एवढे एकच खोटे बोललो, बाबा. पुन्हा बोलणार नाही. यापुढे या गाडीत काहीही ढिले असले, तर पाय वर टाकायच्या आधी बायांना ते माझ्या तोंडून कळेल. मग त्या चढोत, नाहीतर पायी जावोत.

तुमचा,
मनोहर