चाळीस मिनिटांवरचा दादा

४ फेब्रुवारी
दादाचा फोन. "अगं, विमानानं चाळीस मिनिटं तर लागतात! शनिवारी आलोच समज." समजले. दोन वर्षं हेच पालुपद ऐकतेय. त्याच्या घरापासून त्यांचा विमानतळ दीड तास, तिथं तासभर आधी हजेरी, आमच्या विमानतळापासून घर पाऊण तास — आणि विमान आठवड्यातून एकदाच! मोटारीनं निघाला तरी तेवढ्याच वेळात पोचेल. पण मोटारीनं येतो म्हटलं तर खरंच यावं लागेल ना.

७ फेब्रुवारी, शनिवार
विमान आलं, दादा नाही. मी विमानतळावर काउंटरवरच कामाला असते, तरी घरी आल्यावर आई विचारतेच, "आज कोण कोण उतरलं?" म्हटलं, "एक जोडपं, एक वकील, आणि दादा सोडून सगळे." ती भाजी निवडत राहिली.

८ फेब्रुवारी
कारण आलं: ऑफिसात ऑडिट. मागच्या खेपेला सर्दी होती. नाचता येईना, अंगण वाकडं! जेवताना मी त्याची नक्कल केली — "अगं, ऐक ना, साहेब सोडतच नाहीत…" मला हुबेहूब जमते. आई हसली नाही. तिचा आणि विनोदाचा छत्तीसचा आकडा.

१५ फेब्रुवारी
आई म्हणते, "तो येत नाही ना, मग मीच जाते. आठ दिवस." म्हटलं, गुडघ्यांचं काय? "ते काय विमान ढकलणारेत?" वा! म्हणजे चिरंजीव ढिम्म हलणार नाहीत आणि पंचाहत्तरीच्या आईनं उडत जायचं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
आईला मीच काट्यावर उभं केलं. आमचं विमान चिमुकलं, माणसांचंही वजन करावं लागतं. सामान चढवणारे काका म्हणाले, "आजी हलक्या, बॅग मात्र भारी हो." खरंच भारी. दवाखान्याची फाईल, दोन स्वेटर, बाबांचा फोटो — तिची आठ दिवसांची तयारी ही अशी! "दादाचं घर सजवणारेस की काय?" म्हणत मी बॅगेला चिठ्ठी लावली आणि सोडली पट्ट्यावर.

२२ फेब्रुवारी
दादा फोनवर — "पोचली बघ, चाळीस मिनिटांत!" जसं काही विमान यानंच चालवलं.

२६ फेब्रुवारी
आईला फोन केला. म्हटलं, शनिवारची परतीची जागा धरून ठेवलीय.
"सोडून दे. मी आता इथंच राहणार."
दादानं काय कान भरले, विचारलं.
"त्यानं काही नाही. तो थापा मारतो, मला काय कळत नव्हतं? पण मारताना त्याची जीभ तरी अडखळायची. तू मात्र तो आला नाही, की त्या दिवशी खुशीत घरी यायचीस."
मी 'नाही' म्हणणार होते. तिची शनिवारची जागा सोडून दिली.