आरोहीच्या कन्सोलचं बेअरिंग

करी रोड,
रविवार

आदरणीय गुरुदत्तभाऊंना शिवाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. सुभद्रेचा गुडघा होता तसाच आहे. तुमचा दमा कसा आहे, आणि नारळ उतरवायला माणूस मिळाला का, ते सविस्तर लिहावं. वहिनींनाही नमस्कार सांगा. फोन असताना मी पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण शेवटी येईल. (आधी शेवट वाचू नका. मिलमध्ये तुम्ही प्रत्येक नोटीस खालून वर वाचायचात.)

स्वप्नीलने लेकीच्या, म्हणजे आरोहीच्या, दहाव्या वाढदिवसाला गेमचा कन्सोल आणला. तो टीव्हीला जोडतात, त्याच्या फटीत एक चकचकीत डिस्क सरकवतात, मग पडद्यावर गाड्या धावतात. यंत्र बुटाच्या खोक्याएवढं. आत मुख्य फिरणारी वस्तू एकच, ती डिस्क. आपल्या सूत कातायच्या खात्यात एकेका साच्यावर सुताच्या चारशे चात्या फिरत होत्या आणि त्यातली एक बिघडली तर तुम्ही दारातून सांगायचात कुठली ते. म्हणून दसऱ्यापासून हा कन्सोल आवाज करू लागला तेव्हा घरातल्यांनी माझ्याकडे पाहिलं, हे योग्यच झालं. या घरात मिक्सर, पंखा, पाण्याचा पंप, कशाचाही आवाज बदलला की मला बोलावतात. बाकी कुठल्या बाबतीत आता बोलावत नाहीत. (मी तक्रार करत नाही. चौदाव्या मजल्यावर फिटरला दुसरं काम तरी काय?)

तुम्ही शिकवलंत तसंच केलं. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक यंत्राला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटले. बऱ्याच वेळाने मी डोळे उघडले आणि सांगितलं, बेअरिंग. सूनबाई प्राची म्हणाली, "पण बाबा, हे तर खोबरं किसल्यासारखं वाजतंय." स्वप्नीलच्या मते भातात खडा लागावा तसा आवाज होता. सुभद्रेला पाल चुकचुकल्यासारखं वाटलं, आणि ती मला म्हणाली, "तुमका ऐकाक येता मा?" एका यंत्राचे तीन आवाज असू शकत नाहीत, एवढंच म्हणालो. तिघांची साक्ष मी वहीत लिहून घेतली.

आरोहीने इंटरनेटवरून उपाय वाचून दाखवले. यंत्र सपाट जागी ठेवा. ठेवलं. प्लग काढून थोडा वेळ थांबा. थांबलो. डिस्क काढून चालू करा. काढली, आणि आवाज गेला असं सर्वांचं एकमत झालं. डिस्क घातली की पुन्हा आला. म्हणजे दोष फिरणाऱ्या भागात, म्हणजे बेअरिंग, म्हणजे तेल. सुभद्रेच्या शिवणयंत्राचं तेल मी फटीतून आत सोडलं. दोन थेंब. (तीन असतील.) त्यानंतर गाड्या धावायच्याच थांबल्या. डिस्क बाहेर आली ती तेलाने माखलेली. आरोहीने ती नव्या फ्रॉकला पुसली. प्राचीने तो फ्रॉक पाहिला. त्यापुढचं लिहीत नाही.

स्वप्नील शांतपणे म्हणाला, "बाबा, राहू दे. सोमवारी लॅमिंग्टन रोडला टाकतो." भाऊ, तो रागावला असता तर बरं झालं असतं. मिल बंद झाली त्या दिवशी साहेबसुद्धा असाच शांत बोलला होता. घरात फिटर असताना यंत्र दुकानात गेलं, तर उद्या मिक्सरही जाईल. मी रविवारपर्यंतची मुदत मागितली. ती मिळाली.

आज सकाळी कन्सोल उघडला. त्याचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे आहेत, म्हणून जुना स्क्रू-ड्रायव्हर कानशीने घासून टोक जुळवलं. त्याला पाऊण तास लागला. वॉरंटीचं स्टिकर फाटलं. आरोही शेजारी बसून होती. झाकण निघालं, आतली डिस्कची पेटी निघाली, आणि डिस्क फिरते त्या जागी कचरा सापडला. चिमट्याने काढला, तेल पुसलं, पुन्हा जोडलं. दोनच स्क्रू उरले. गाड्या धावू लागल्या. स्वप्नील म्हणाला, "मानलं बाबा." प्राचीने चहात आलं घातलं. बेअरिंग नव्हतं हे मी मान्य केलं, पण बेअरिंगच्या जवळच होतं.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जपा. थंडीत विहिरीच्या पाण्याने अंघोळ करू नका.

तुमचा,
शिवा

ता.क. कचरा म्हणजे तांदळाचे सात दाणे होते, कुंकवाने लाल झालेले. दसऱ्याला आपण साच्यांची पूजा करायचो, ती सवय मी घरातही ठेवली आहे. मिक्सर, शिवणयंत्र, स्वप्नीलचा लॅपटॉप, सगळ्यांवर झेंडू आणि अक्षता. कन्सोल घरात नवा. त्याला तोंडासारखी फट दिसली, म्हणून त्याच्या अक्षता मी तिथेच ठेवल्या. डिस्कने त्या आत ढकलल्या. स्वप्नीलला मी नुसता कचरा म्हणून सांगितलं आहे. दाणे आरोहीने बघितले. बापाला तिने ते सांगितलेलं नाही.

दुसरा ता.क. तिला आणखीही एक गोष्ट माहीत आहे. शुक्रवारी मी स्क्रू-ड्रायव्हर लावून बसलो होतो. तिने विचारलं, "आजोबा, आता येतो का आवाज?" मी म्हटलं, येतो, पण कमी झालाय. तिने हात पुढे केला. हातात यंत्राचा काढलेला प्लग होता. भाऊ, तो आवाज मला एकदाही ऐकू आला नाही. ना खोबरं, ना खडा, ना पाल. मूठ हाडाला लावली की फक्त माझीच नाडी वाजते. आज यंत्र जोडल्यावर कान तिने लावला, हात मी चालवले. तिने मान हलवली तेव्हा मला कळलं की दुरुस्त झालं. मागच्या मे महिन्यात तुमच्या कानातलं यंत्र पाहून मी चारचौघांत म्हणालो होतो, भाऊंनी कानात चाती बसवली. सगळे हसले. तुम्हीही हसलात. म्हणजे तुम्हाला ते ऐकू आलं होतं. ते यंत्र कुठे मिळतं, ते लिहा. आणि तुम्ही घरी कसं सांगितलंत, तेही लिहा. आधी ते लिहा.

तिसरा ता.क. फोन करू नका. हल्ली फोन आरोही उचलते आणि समोरचा काय म्हणतो ते मला ओरडून सांगते. घर लहान आहे.