ऐन रोवण्यात मॉरिशस

शनिवार, संध्याकाळ

सोमवारी पुण्याहून प्रकाशचा फोन आला. "बाबा, मॉरिशसची तिकिटं काढून टाकली! आईला समुद्र दाखवू." अन् निघायचं कधी, तर ऐन रोवण्यात. याच बांध्यांत वाढलेलं पोरगं भाताची लावणी कसं विसरलं? पण त्याचा आनंद ऐकून मी नुसतं "बरं बरं" म्हणालो. भाताच्या रोपांचे हे परे वेळेत लावले नाहीत तर म्हातारे होतात. ते सोडून जावं कसं? अन् पोराला नाही म्हणावं कसं?

आज त्याचं पार्सल आलं, हिच्यासाठी समुद्रावर घालायची गोल टोपी. ती घालूनच ही मघाशी परे बघायला आली.

"काऊन वं, आतापासूनच?"

बांधीच्या पाण्यात उभी राहून हसली. "इथंही पाणीच आहे ना जी."

टोपी मात्र घरी येईपर्यंत काढली नाही.